न बसलेला गणपती

एका पुस्तिकेच्या शेवटच्या पानावरच्या अकरा ओळी मी बदलल्या होत्या. ज्यानं त्या लिहिल्या त्याला न विचारता, त्यानं प्रूफावर सही केल्यानंतर. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. आईला नाही, बायकोला नाही. ज्याच्या त्या ओळी होत्या त्यानं तोंडावर विचारलं, तेव्हा त्यालाही नाही.

सत्तरनंतरची वर्षं होती. वसईच्या बाजारापासून थोडं आत एक छोटा छापखाना होता आणि तिथं मी कंपोझिटर होतो. शिशाचे खिळे एकेक उचलायचे, हातातल्या पट्टीत ओळ जुळवायची, ओळींचं पान करायचं, पान चौकटीत आवळायचं. केळीवाल्यांच्या सोसायटीची पावतीपुस्तकं, चर्चच्या सणांची पत्रकं, भुईगावच्या लग्नपत्रिका, शाळेची प्रगतिपत्रकं, असलं काम. मालक बागायतदार घरातले. त्यांना सगळे भाऊ म्हणायचे, म्हणून मीही.

भाऊंनी मला कामावर घेतलं त्या दिवशी गाव विचारलं. मी म्हणालो, कामणच्या बाजूचं. शेती आहे का, म्हणाले. थोडी आहे, म्हणालो. आडनावावरून त्यांना काही कळलं नसावं. आमचं आडनाव चार जातींत सापडतं. मग खिळ्यांच्या पेट्या दाखवता दाखवता त्यांनी सहज विचारलं, "घरी गणपती किती दिवसांचा असतो?"

आपल्याकडे जात सरळ कुणी विचारत नाही, असं विचारतात. घरी गणपती बसतच नाही, एवढं म्हणायला हवं होतं. मी सहा वर्षांचा असताना आमच्या वाड्यानं धर्म बदलला, सगळे बौद्ध झाले. आईनं देव्हाऱ्यातले टाक टोपलीत घातले, वर फडकं टाकलं आणि मला बोटाला धरून खाडीवर नेलं. टोपली उपडी केली. परत येताना ती रिकामी टोपली तिनं डोक्यावर पालथी घातली होती टोपीसारखी, आणि ती हसत होती. मला म्हणाली, "हलकं वाटतंय रं."

त्या बाईचा मुलगा भाऊंना म्हणाला, "दीड दिवसाचा."

विचार करून म्हणालो नाही. तोंडातून गेलं. पाच दिवसांचा म्हटलं असतं तर गौरीबद्दल विचारलं असतं. दीड दिवस म्हणजे लवकर आटपणारं, असं डोक्यात कुठंतरी असणार. आटपलं नाही. दर वर्षी भाद्रपदात भाऊ मला दोन दिवस सुट्टी द्यायचे, "जा, गणपती आहे ना घरी." मी विरारच्या खोलीचं दार लावून आत बसून राहायचो. वाड्यात जायचो नाही, कारण आईनं विचारलं असतं, आज कसली सुट्टी. तिसऱ्या दिवशी कामावर जाताना विरारच्या मिठाईवाल्याकडून मोदक घ्यायचो, पुठ्ठ्याचा खोका टाकून देऊन स्टीलच्या डब्यात भरायचो आणि भाऊंच्या घरी प्रसाद म्हणून न्यायचो. वहिनी, म्हणजे भाऊंच्या बायको, डबा आधी डोळ्यांना लावायच्या. मग एक मोदक मोडून बघायच्या.

"काय रे, तुझी आई मोदक बाजारातून आणते होय?" एका वर्षी त्या म्हणाल्याच. "खव्याचे आहेत हे. उकडीचे नाही जमत तिला?"

"नाही जमत, वहिनी."

"अगंबाई. सांग तिला, एकदा ये म्हणावं, मी शिकवते."

अशी माझी आई त्या घरात आळशी ठरली. मी ठरू दिली.

भाऊ वाईट माणूस नव्हते. ते वाईट असते तर मी सुटलो असतो. दुपारी त्यांच्या पंक्तीला मला पान असायचं. बागेतल्या केळ्यांची सुकेळी वाळून झाली की वहिनी केळीच्या सोपटात बांधून द्यायच्या, आईला दे म्हणायच्या. मला एकदा कावीळ झाली तेव्हा भाऊ स्वतः विरारला खोलीवर आले, उसाचा रस घेऊन. खोलीत भिंतीवर काहीच नव्हतं, त्याचं त्यांना नवल वाटलं. पुढच्या खेपेला त्यांनी गणपतीची तसबीर आणून स्वतःच्या हातानं खिळा ठोकला. आमच्या घरात जी तसबीर असते ती माझ्या ट्रंकेत होती, कपड्यांच्या खाली, चष्मा घातलेला चेहरा खाली करून.

छापखान्याच्या खिडकीत एक कान तुटलेला कप उपडा ठेवलेला असायचा. तो कुणासाठी, हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात बघून कळलं. आमच्यासारख्या वाड्यांतलं कुणी पत्रक छापायला आलं की चहा त्यात. तो कप मी भरला आहे. ज्याची ही गोष्ट, त्याच्यासाठीही भरला आहे.

तो माझ्याच वाड्यातला. आम्ही एका वसतिगृहात एका सतरंजीवर झोपून शिकलो. मी मॅट्रिकनंतर छापखान्यात आलो, तो शिक्षक झाला. कामणच्या बाजूच्या शाळेत होता, राहायला वाड्यातच. सगळे मास्तर म्हणायचे, मीही थट्टेनं म्हणू लागलो आणि तेच राहिलं. त्याला माझं सगळं माहीत होतं. पहिल्यांदा तो छापखान्यात आला तेव्हा मी भाऊंसमोर त्याला "आमच्या गावाकडचे मास्तर" असं सांगितलं आणि खिडकीतला कप घेतला. त्यानं कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, चहा प्यायला. "गोड झालाय," म्हणाला. कप स्वतः विसळून ठेवला.

मास्तरला रद्दीवाल्याकडे बसायची सवय होती. तिथं त्याला एक इंग्रजी मासिक मिळालं, अमेरिकेतलं, मागची पानं नसलेलं. ते तो वर्षभर शबनममध्ये घेऊन फिरत होता. एका रविवारी आम्ही वाड्याबाहेरच्या बांधावर बसलो होतो. त्यानं एक चित्र उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. एक काळी बाई. केस डोक्याभोवती गोल, मोठे, कुठंही दाबलेले नाहीत.

"हिचे केस बघ."

"विंचरलेले नाहीत."

"विंचरलेत रे, गाढवा. ते असेच असतात त्यांचे. आधी काय करायचे माहितीये? सरळ दिसावेत म्हणून जळजळीत लेप लावायचे. कॉस्टिकचा. डोकं भाजायचं, साली निघायच्या. तरी लावायचे. सक्ती कुणाची नव्हती. कुणी करायला सांगतच नव्हतं आणि हे करत होते. मग एक दिवस त्यांनी म्हटलं, बस्स. काळा हा शब्द शिवी होता त्यांना. तोच उचलला आणि छातीवर लावला."

"तिकडचं ठीक आहे."

"तिकडचं?" तो माझ्याकडे वळला. "तुझ्या त्या मोदकाच्या डब्यात काय असतं मग?"

मी उठून चालू लागलो. तो मागून ओरडला, "अरे, रागावतोस काय! चपला तरी घे!" खरंच मी अनवाणी निघालो होतो. परत येऊन चपला घातल्या. दोघंही हसलो. पण त्या दिवसापासून वहिनींकडे डबा नेताना माझ्या टाळूला काहीतरी चुरचुरायचं. मला ते मास्तरनं दिलं म्हणून मी त्याच्यावर चिडून होतो.

त्यानं त्यावर मोठा लेख लिहिला. सोळा पानांची पुस्तिका करायची, वाड्यातल्या जयंतीच्या सभेत त्यानं ती वाचायची आणि प्रत्येक घरात एक प्रत द्यायची, असं वाड्यातल्या पोरांनी ठरवलं. छापायला माझ्याकडेच आणली. आमच्याकडे खिळे मोजके होते, चार पानांवर पुरायचे नाहीत. म्हणून चार पानं जुळवायची, छापायची, मोडून खिळे पुन्हा आपापल्या खणात टाकायचे आणि मग पुढची चार. मास्तरच्या लेखात 'काळा' हा शब्द इतक्यांदा यायचा की दुसऱ्याच पानावर ळचा खण रिकामा झाला. मी एका जुन्या लग्नपत्रिकेचा राखून ठेवलेला मजकूर मोडून ळ काढले.

खिळे उलटे असतात, ओळ आरशातल्यासारखी वाचावी लागते. सवयीनं अर्थ कळतच नाही, हात फक्त अक्षरं उचलतात. या लेखाला तसं झालं नाही. त्यात लिहिलं होतं, की दुसऱ्याच्या आरशात तोंड बघून जो घराबाहेर पडतो, त्याला दिवसभर आपलं तोंड कुठं ठेवावं ते कळत नाही. साखळी मनगटावर असती तर निदान ती वाजली असती, असंही होतं. मी ते जुळवत होतो आणि भाऊ पलीकडे अडकित्त्यानं सुपारी कातरत होते.

पहिली बारा पानं छापून झाली. भाऊंनी ती चाळली. "पोरगा लिहितो चांगलं," म्हणाले. "पण कडक आहे रे. खाली आपल्या छापखान्याचं नाव येणार. गिऱ्हाईक चारी बाजूचं आहे आपलं. शेवट जरा गोड करा म्हणावं मास्तरांना."

मी मास्तरला निरोप दिला. तो हसला. "शेवट गोडच आहे," म्हणाला आणि उरलेली पानं पिशवीतून काढून माझ्या हातात दिली. मग आवाज खाली आणला. "शेवटचा परिच्छेद तुझा आहे. नाव नाही कुठं. वाच. नको असेल तर सांग, मी माझ्या हातानं काट मारतो. पण सांग मला. गप्प बसू नकोस, एवढंच."

तो परिच्छेद मला पाठ आहे. 'आपल्यातही केस सरळ करणारे आहेत. माझ्या एका मित्राच्या घरी न बसलेला गणपती दर वर्षी दीड दिवस बसतो आणि तो त्याचा प्रसाद वाटतो. मी त्याला हसत नाही. त्याचं डोकं भाजतं आहे हे मला दिसतं. त्यानं काही सोडून यावं, काही फेडून यावं, असं माझं म्हणणं नाही. मित्रा, आहेस तसा आत ये. घर तुझंच आहे.' अकरा ओळी झाल्या. मी त्या जुळवल्या.

दोन दिवसांनी मास्तर प्रूफ बघायला आला. स्टुलावर बसून पेन्सिलीनं दोन वेलांट्या नीट केल्या. शेवटच्या परिच्छेदाशी थांबला आणि मान वर केली.

"काही सांगायचंय?"

"नाही. ठीक आहे."

"नक्की?"

"भाऊ येतील. सही कर."

त्यानं 'छापावे' असं लिहून सही केली. त्याचा चेहरा असा उजळला की मी दुसरीकडे बघितलं. त्याला वाटलं मी तयार झालो. जाताना म्हणाला, "रविवारी लवकर ये. आईला घेऊन पुढं बस."

पुढचे तीन दिवस मी नीट जेवलो नाही. छापखान्यात होणाऱ्या प्रत्येक कामाची एक प्रत भाऊ कपाटात ठेवायचे आणि ठेवण्याआधी शेवटचं पान वाचायचे, ते त्यांचं ठरलेलं. दीड दिवसाच्या गणपतीचा प्रसाद वाटणारा, मास्तरचा मित्र, असा त्या छापखान्यात एकच माणूस होता. नोकरी जाईल ही भीती होती, पण ती लहान होती. वहिनी ती सगळ्या वर्षांची ताटं आठवतील, ही मोठी होती. डोळ्यांना लावलेले ते डबे आठवतील. मी काय केलं असतं तर सुटलो असतो, हे आज मला बोटांवर मोजता येतं. एसटीनं तासाभरात मास्तरच्या दारात पोचलो असतो आणि "काढ" म्हणालो असतो. त्यानं का म्हणून विचारलंही नसतं. पण काढ म्हणणं म्हणजे मी हाच आहे आणि हाच राहणार आहे, असं त्याला तोंडानं सांगणं. राहू दे म्हणणं म्हणजे ते भाऊंना सांगणं. मला कुणालाच काही सांगायचं नव्हतं. मला फक्त कुणी काही विचारू नये, असं हवं होतं.

ट्रेडल मशीन चालवणारा आमचा माणूस भुईगावचा, ख्रिस्ती. ईस्टरआधीचा पवित्र आठवडा म्हणून तो सुट्टीवर होता. गुरुवारी दुपारी बागेतल्या विहिरीवरचं इंजिन बिघडलं म्हणून भाऊही गेले. शेवटची चार पानं चौकटीत आवळून तयार होती. मी पाचरी सैल केल्या. चिमट्यानं पहिली ओळ उचलली, मग बाकीच्या. अकरा ओळींचं भोक पडलं. नुसतं भोक ठेवून चालणार नव्हतं, पान अर्धं दिसलं असतं आणि भाऊंचं 'गोड करा' डोक्यात होतंच.

मी पट्टी हातात घेतली आणि न लिहिता, सरळ खिळ्यांतूनच जुळवलं. 'आमच्या थोर मनाच्या बांधवांनी आमच्या चुका पोटात घालाव्यात. आम्ही अजाण आहोत. आम्हाला पदरात घ्यावं, नाही घेतलं तरी आम्ही त्यांच्या पायरीवर बसून वाट पाहू. त्यांच्या उपकारांची जाणीव आम्हाला सदैव राहील.' असं आणखी थोडं, बरोबर अकरा ओळी.

यातलं मला सगळ्यात जास्त कशाचं भय वाटतं, ते सांगतो. ते जुळवताना माझा हात एकदाही अडला नाही. मास्तरच्या ओळींना मी शब्दाशब्दाला थांबलो होतो. या ओळी जणू माझ्यात आधीपासून जुळवून ठेवलेल्या होत्या.

तीनशे प्रती मीच छापल्या, घड्या घातल्या, टाचल्या.

रविवारी सकाळी मास्तर गठ्ठे न्यायला आला आणि आम्ही एकाच एसटीनं निघालो. गठ्ठे दोघांच्या मांडीवर. त्याला राहवेना, तो सुतळीची गाठ सोडू लागला.

"आत्ता नको," मी म्हणालो. "शाई ओली आहे. बोटं लागतील."

शाई दोन दिवसांपूर्वीच वाळली होती. त्यानं गाठ पुन्हा आवळली आणि गठ्ठ्यावर तळवा ठेवून बसला, तान्ह्या पोरावर ठेवावा तसा. "तू ठीक आहे म्हणालास ना," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "त्या रात्री मी बायकोला म्हटलं, आपला माणूस आला."

सभेला शे-दीडशे माणसं होती. निळ्या पताका, भाड्याचा एक कर्णा आणि माइक. प्रती आधीच वाटल्या गेल्या, वाचता येणारे मांडीवर उघडून बोट फिरवत होते. मी पुढं बसलो नाही. आईला बाजल्यावर बसवून मागं, आंब्याच्या खोडाशी उभा राहिलो. मास्तर वाचू लागला. असं वाचन मी पुन्हा ऐकलं नाही. केसांचं आलं तेव्हा बायका हसल्या. कॉस्टिकचं आलं तेव्हा त्यांचे हात डोक्यावरच्या पदराशी गेले. आरशाचं आलं तेव्हा कुणीतरी "खरं हाय" असं म्हणालं. चौदाव्या पानानंतर तो कागदाकडे बघतही नव्हता, त्याला पाठ होतं. शेवटच्या परिच्छेदासाठी मात्र त्यानं मुद्दाम पुस्तिका वर धरली. मला वाटतं, माझ्यासाठी. ते त्याला छापलेलं वाचायचं होतं.

"आमच्या थोर मनाच्या बांधवांनी..." एवढं त्यानं वाचलं आणि थांबला.

कर्ण्यातून नुसता त्याचा श्वास येत होता. पण प्रती सगळ्यांच्या हातात होत्या. बोटं पुढं सरकली. पहिल्यांदा पोरांतून हसू आलं.

"मास्तर, पायरी कुठली ते तरी सांगा, चटई घेऊन येतो!"

"सोळा पानं लाथा आन शेवटाला लोटांगन!"

"अरे, त्यांनीच केस सरळ केलेत रे!"

एक म्हातारा होता, मिठागरात जन्म गेलेला. त्याला वाचता येत नव्हतं, नातवानं वाचून दाखवलं. तो काठी टेकून उठला. ओरडला नाही. "मला वाटलं आपन उठलोय," म्हणाला. "मास्तर तर म्हनतोय बसा." आणि निघून गेला. त्याच्या मागोमाग बरीच माणसं उठली.

मास्तरनं गर्दीवरून नजर फिरवली आणि खोडाशी येऊन ती थांबली. मग त्यानं माइक तोंडाशी घेतला. "चूक माझी आहे," म्हणाला. "प्रूफ मी नीट बघितलं नाही."

दुपारी त्याच्या ओट्यावर उरलेल्या प्रतींचं शेवटचं पान फाडायचं काम चाललं होतं. तो, त्याची बायको आणि माझी आई. आईला वाचता येत नव्हतं. ती एकेक पान नीट धारेवर फाडत होती.

"काय लिवलंय यात येवढं?" तिनं मला विचारलं.

"छपाईची चूक झाली."

"कोनी केली?"

मास्तर खाली मान घालून फाडत राहिला. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी म्हणालो, "होते अशी कधीकधी." आई म्हणाली, "बस मग, तूपन फाड." मी बसलो आणि फाडू लागलो.

सोमवारी भाऊंनी त्यांची प्रत वाचली. ती फाडलेली नव्हती. "वा!" म्हणाले. "शेवट छान केला मास्तरांनी. असं सामोपचारानं घ्यावं." मास्तर पुन्हा आला तर त्याला चांगल्या कपात चहा दे, असंही म्हणाले. मास्तर पुन्हा आला नाही. वाड्यातल्या पोरांनी पुढच्या जयंतीला त्याला बोलावलं नाही. त्याच्या मागं "पायरी मास्तर" म्हणू लागले, शाळेतली मुलंही. दोन वर्षांनी त्यानं जव्हारकडे बदली मागून घेतली.

मी तिथंच राहिलो. लग्न झालं तेव्हा बायको म्हणाली, "मोदक मी करणार नाही आणि बाजारातून आणू देणार नाही." मग मी भाऊंना सुतक सांगू लागलो. सलग तीन वर्षं भाद्रपदात आमच्या घरात कुणी ना कुणी मेलं. वहिनी हळहळायच्या, "काय रे मागं लागलंय तुमच्या घराच्या." चौथ्या वर्षी भाऊ स्वतःच गेले आणि त्यांच्या मुलानं छापखाना विकला. तेव्हा मला वाटलं, सुटलो. काही सुटलं नव्हतं. बायकोनं ट्रंकेतली तसबीर काढून भिंतीवर लावली. कुणी दार वाजवलं की माझी नजर आधी तिच्याकडे जाते, अजूनही.

आई गेली त्याच्या दुसऱ्या महिन्यात मास्तर मला विरारच्या एसटी स्टँडवर भेटला. कानांवरचे केस पांढरे झालेले. आईचं कळलं, म्हणाला. ती त्यांच्याकडे जव्हारला दोनदा जाऊन राहिली होती, हे मला तेव्हा समजलं. आम्ही उभ्यानंच चहा घेतला. त्याची गाडी लागली. तो पायरीवर चढला, मग एक पाय खाली ठेवला.

"त्या ओळी तुझ्याच होत्या ना?" त्यानं विचारलं. आवाजात काही नव्हतं, वेळ विचारावी तसा. "जुळवल्या होत्यास छान. एक काना तिरका नव्हता."

इतक्या वर्षांनी विचारत होता. सभेत मला वाचवलं होतं, ओट्यावर आईसमोर वाचवलं होतं. आता तिथं आम्ही दोघंच होतो. हो म्हणायला एक श्वास लागला असता.

"कसल्या ओळी?" मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. "बरं," म्हणाला. कंडक्टरनं घंटी दिली.

मी हे बायकोला वाचून दाखवणार आहे. त्यानं भागत नाही, हे मला ठाऊक आहे. मास्तर जव्हारला आहे. त्या सभेत बसलेली बरीच माणसं वाड्यात आहेत, हसणारी पोरं आता चाळिशीला आली. त्यांच्यासमोर, जयंतीच्या दिवशी, मास्तरला शेजारी घेऊन, त्याचा शेवट मी बदलला हे माझ्या तोंडानं मला सांगायचं आहे. ते मी अजून केलेलं नाही.